पेटिफरबाईंची मेरी

घरात धडधाकट मुलगा असावा, त्याला ऑक्सफर्डला ठेवून शिकवलेलं असावं, आणि त्यानं परत येऊन दिवसभर खिडकीत बसून उसासे टाकावेत, या वागण्यासाठी थॉमसिन पेटिफरकडे एक नेमका शब्द होता. तो शब्द तिच्या कैलासवासी नवऱ्याचा. नवरा गेल्यापासून रविवारी तो तोंडातून काढायचा नाही असा तिचा नेम होता. बाकीच्या वारी ती तो मोकळेपणानं वापरी.

नवऱ्यामागं तिनं माल्टचा धंदा एकटीनं सांभाळला होता. जव भिजवावेत, मोड आणावेत, भट्टीवर सुकवावेत, पोती भरावीत. आसपासच्या गावांत जिथं जिथं बीअर चांगली, तिथं तिथं पेटिफरांचा माल्ट, हे ती चर्चमध्ये आपल्या बाकावर जाऊन बसताना चेहऱ्यावर घेऊन जाई. तिला छापील अक्षर वाचता यायचं. बायबल ती बोट ठेवून वाची. हाताचं लिहिलेलं मात्र तिला वाचता येत नसे, आणि ती त्याचा दोष हातानं लिहिणाऱ्यांना देई. "छापणारा माणूस सरळ लिहू शकतो, मग या शिकलेल्यांनाच काय धाड भरलीय?" असा तिचा रोकडा सवाल होता, आणि त्याचं पटण्यासारखं उत्तर आजवर तिला कुणी दिलं नव्हतं.

तर हा अँब्रोज. ऑक्सफर्डहून त्यानं काय आणलं? एक काळा कोट, एक खोकला आणि एक हातानं लिहिलेली वही.

"काय आहे रे त्यात?"

"कविता, आई."

"देवाच्या?"

"नाही. प्रेमाच्या. म्हणजे अगदीच हलक्याफुलक्या. गंमतीच्या."

"हलक्या! तुझ्या शिक्षणापायी मी जी पोती उचलली ना, त्यातलं एकही हलकं नव्हतं. वाच बघू एखादी."

अँब्रोजनं घसा साफ करून वाचली. एक तरुण आपल्या प्रियेच्या चमच्याचा हेवा करत होता. चमचा दिवसातून कितीदा तिच्या ओठांना लागतो, आणि मी मात्र कोरडा. देवा, पुढल्या जन्मी मला तिच्या घरचा चमचा कर, आणि तिला सूप आवडू दे.

थॉमसिननं वाटाणे सोलायचे थांबवले. "चमचा व्हायला ऑक्सफर्डला जावं लागतं? आपल्या स्वयंपाकघरात टोपलीभर आहेत. एकानंही कधी तक्रार केली नाही."

इथंच हे प्रकरण संपायचं. पण शेजारी अर्सुला गॅडबरी राहते. अर्सुलाचा नवरा हातमोजे शिवतो. हवेलीतल्या लेडी हॉर्वुडच्या हातांचं माप त्याच्याकडे, त्यामुळे हवेलीतल्या सगळ्याच गोष्टींची माहिती आपल्याकडे असं अर्सुला समजे. ती हवेलीच्या मागच्या दारापर्यंत जाऊन येई आणि पुढच्या दालनातलं सांगे.

"अगं, तू शहाणी की वेडी?" वहीवर हात फिरवत अर्सुला म्हणाली. "यालाच तर थोरामोठ्यांत किंमत! छापलेलं पुस्तक काय, खिशात नाणं असलं की कुणीही आणतो. हाताची वही अशी मिळत नाही. ती ओळखीनं हातात पडते, मग ती उतरवून घ्यायची, मग पुढं द्यायची. लेडी हॉर्वुड तर अशा वह्यांसाठी जीव टाकते. आणि शाळेची जागा रिकामी आहे, माहीत आहे ना?"

थॉमसिनला माहीत होतं. गावच्या शाळेचे म्हातारे मास्तर इतके बहिरे झाले होते की पोरं त्यांच्यासमोर मोठ्यानं त्यांच्याबद्दलच बोलत आणि ते शाबासकी देत. नवा मास्तर नेमणं सर बॉल्डविन हॉर्वुडच्या हातात होतं. आणि सर बॉल्डविन कुणाच्या हातात होते, ते गावातल्या गाईंनाही ठाऊक होतं.

"एक सुंदर प्रत करून घे," अर्सुला म्हणाली. "लाल कातड्यात बांध. बाईसाहेबांना भेट दे. म्हण, माझ्या मुलाची वही. बघ, मास्तर होतो की नाही तुझा अँब्रोज."

थॉमसिननं वाटाणे बाजूला सारले. माल्टवाल्याचा मुलगा शाळेचा मास्तर! पोरं टोपी काढून उभी राहणार. चर्चमध्ये पेटिफरांचा बाक दोन रांगा पुढं सरकणार. त्या एका क्षणात कवितेबद्दलचं तिचं मत पार बदललं. मत बदलायला तिला कधीच वेळ लागत नसे. बदललं होतं हे मान्य करायला लागे.

"आई, पण एक आहे," अँब्रोज चाचरत म्हणाला. "या कविता माझ्या नाहीत. कॉलेजात सगळे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात. मूळ कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं."

"चीज आपण बाजारातून आणतो की नाही?"

"आणतो."

"पाहुण्यापुढं ठेवताना कुणाचं म्हणून ठेवतो?"

"आपलं."

"मग झालं तर."

आणि ती शाल घेऊन बाहेर पडली. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की पेटिफरांचा अँब्रोज कवी आहे, अख्खी वही लिहिली आहे, आणि ऑक्सफर्डचे मोठमोठे लोक ती मागून मागून थकले.

प्रत काढायचं काम चर्चचा लेखनिक ओबादाया नन याच्याकडे गेलं. बारसं, लग्न, मयत यांची नोंद तोच करी, आणि तिन्ही एकाच सुंदर, गंभीर अक्षरात. त्याच्यापुढं एक भाजलेला हंस आणि बीअरचं पिंप ठेवून थॉमसिननं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. कामाआधी अँब्रोजनं सगळी वही मोठ्यानं वाचून दाखवायची असं ठरलं. आपल्या घरातून कुठलाही माल चाखल्याशिवाय बाहेर जात नाही, ही पेटिफरांची पद्धत.

वाचन सुरू झालं. थॉमसिन ऐकत होती आणि तिची बोटं एकेक करून मिटत होती. एका हाताची संपली. दुसऱ्या हाताची सुरू झाली.

"थांब," ती म्हणाली. "सीलिया, क्लोरिस, अमरिलिस, ल्युसिंडा. या कोण बायका?"

"अशा कुणी नसतात, आई. कवितेतली नावं असतात ती."

"नसतात, मग त्यांचे ओठ कसे असतात? आणि त्या क्लोरिसचं मघाशी काय काय वाचलंस, ते कसं असतं?"

अँब्रोजनं खिडकीबाहेर पाहिलं.

"हे असलं हवेलीत जाणार नाही," थॉमसिननं निकाल दिला. "लोक काय म्हणतील? पेटिफरांचा मुलगा आणि प्रत्येक पानावर वेगळी बाई! तुझ्या बापानं जन्मात एका बाईकडे पाहिलं, तेसुद्धा मी हाक मारल्यावर. प्रेम करायचंय ना, खुशाल कर. पण एका बाईवर कर. ओबादाया, सगळीकडे एकच नाव घाला."

"आई, असं नसतं ते—"

"वहीत नावं बदलतात की नाही लोक?"

हे मात्र खरं होतं. वही उतरवणारा प्रत्येक जण मूळच्या सीलियाच्या जागी आपल्या मनातली मॅर्जरी नाही तर फिलिपा घालतो, हा या वह्यांचा नेहमीचा रिवाज. अँब्रोज खरं बोलणारा मुलगा असल्यामुळे गप्प बसला, आणि तेवढ्यात, पुढचं वाचन अर्धवट टाकून, नाव ठरवायचं काम सुरू झालं.

अर्सुलानं आपल्या मुलीचं नाव सुचवलं, तर थॉमसिननं ते ऐकू न आल्यासारखं केलं. ओबादायानं आपल्या बहिणीचं सुचवलं, तर तिनं त्याचा पेला मागं घेतला. शेवटी तिनंच विचार केला, आणि तो अगदी पक्का विचार होता. नाव असं हवं की एकाही बापाला आपल्याच मुलीचं वाटू नये. म्हणजे गावात ते जितक्या जणींचं असेल तितकं बरं. गर्दीत कोण कुणाकडे बोट दाखवणार? शिवाय बायबलातलं असावं, म्हणजे पाद्र्यालाही बोलायला जागा नको.

"मेरी," ती म्हणाली. "घाला मेरी."

ओबादाया नन हा कामात कसूर न करणारा माणूस. बाईंनी सांगितलं की बाईमाणसाचं जिथं नाव येईल तिथं मेरी घाला. त्यानं घातली. सीलिया गेली, क्लोरिस गेली, आणि त्याबरोबर व्हीनस, हेलन, डायना अशा जुन्यापुराण्या देवता आणि राण्याही गेल्या. त्याला काय माहीत त्या कोण? बायकाच होत्या. त्यामुळं नव्या वहीत मेरी समुद्राच्या फेसातून बिनकपड्यांची वर आली, मेरीपायी ट्रॉय शहर जळून खाक झालं, आणि मेरी चांदण्यात शिकारी कुत्रे घेऊन रानातून पळाली, तीही फेसातून आली होती त्याच वेषात. अक्षर मात्र एखाद्या मृत्युपत्राला शोभावं असं.

वही बांधून आली. लाल कातडं, कडेला सोनेरी रेघ. थॉमसिननं ती चुलीवरच्या फळीवर उभी करून ठेवली, आणि जो येईल त्याला आधी हात धुवायला लावून मग दाखवू लागली. तिला स्वतःला त्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं. पण पानं उलटताना तिचा चेहरा असा होई की जणू प्रत्येक ओळ तिनंच भट्टीवर सुकवली आहे.

"एका दिवसापुरती दे की गं," अर्सुला म्हणाली. "आमच्याकडे उतरवून घेते."

वही मागितली आणि दिली नाही, असं सभ्य घरात होत नाही. थॉमसिननं दिली. अर्सुलानं आवडलेलं तेवढं उतरवून घेतलं आणि वही बहिणीला दिली. बहिणीनं औषधवाल्याच्या बायकोला, तिनं आणखी कुणाला. अशा वह्या कधी एका घरात थांबल्यात? आठवड्याअखेर थॉमसिननं दारोदार हिंडून ती परत मिळवली, तर शेवटच्या पानांवर उलट्या बाजूनं कुणी तरी खोकल्यावर गोगलगायींचा काढा लिहून ठेवला होता, आणि मधल्या एका कवितेखाली कुणा बाईनं उत्तर म्हणून पुरुषजातीबद्दल अशा चार ओळी लिहिल्या होत्या की अँब्रोजनं त्या आईला वाचूनच दाखवल्या नाहीत.

ती वही थॉमसिननं आपल्या चांगल्या टोपीत, स्वतःच्या हातानं, हवेलीत नेऊन दिली. बाईसाहेबांनी घेतली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "हे सगळं तुमच्या मुलानं लिहिलं?"

"एकूण एक, बाईसाहेब," थॉमसिन म्हणाली. "लहानपणापासून त्याला एका जागी बसायची सवय आहे."

बाईसाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो तिनं पसंतीत जमा केला, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात शाळेच्या खिडक्यांना पडदे लावून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात पाववाल्याची विधवा उभी. रविवारची टोपी, हातात केक. तोंडात दात नाही, पण त्या दिवशी हसू होतं.

"थॉमसिन," ती लाजत म्हणाली, "मी काही आता तरुण नाही. पण अर्सुलाच्या बहिणीनं मला वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत माझ्या ओठांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं गं. अँब्रोजला सांग, वयाचं मी मनावर घेत नाही. त्यानं घ्यायचं तर घ्यावं."

तिचंही नाव मेरी होतं. थॉमसिनला हे माहीत होतं, पण तिनं मेऱ्या मोजताना फक्त लग्नाच्या धरल्या होत्या.

केक खाऊन होतो न होतो तोच हम्फ्री ट्रॅप आला. हा कातडी कमावतो. तो यायच्या आधी त्याचा वास येतो, आणि त्या दिवशी त्याच्या आधी त्याचा आवाज आला.

"कुठाय तो कवी? माझ्या मेरीबद्दल लिहितो होय रे? सगळ्या गावात चमचा-चमचा चाललंय! वर म्हणे माझी मुलगी रात्री कुत्री घेऊन रानात पळते! कपड्यांशिवाय! आमच्याकडे कुत्रंच एक आहे, आणि ते लंगडं!"

"हम्फ्री, आवाज खाली. माझ्या दारात आहेस. आणि तुझ्याच मेरीबद्दल कशावरून? गावात मेऱ्या काय कमी आहेत?"

"मग काय तो सगळ्या मेऱ्यांवर प्रेम करतो? ते तर त्याहून वाईट! लेखी दिलंय त्यानं. 'मेरी, मी तुझाच.' लेखी म्हणजे वचन. लग्न करायला लागेल त्याला, नाहीतर मी सर बॉल्डविनकडे जातो."

त्याची मुलगी मागं उभी होती. मोठी, धिप्पाड, समजूतदार मुलगी. "मला कुणी विचारलंय का?" ती म्हणाली. "मला नको हा. घरात उसासे टाकायला बाबा आहेत ना."

हा अपमान अँब्रोजनं गिळला असता. थॉमसिननं गिळला नाही. "नको कसा? ऑक्सफर्डला शिकलाय तो! तुला नको म्हणायला आधी त्यानं तुला विचारायला हवं!" असं ती म्हणाली आणि क्षणभर तिलाच कळेना की आपण कुणाच्या बाजूनं भांडतोय.

तिसरा आला हेझेकाया स्टब. चर्चचा कारभारी. मास्तरकीच्या अर्जाला चालचलणुकीचा दाखला लागतो, आणि त्यावर सही याची. हेझेकाया हसलेला गावात कुणी पाहिला नव्हता. एकदा लहानपणी हसला होता म्हणतात, पण त्याचा साक्षीदार कुणी उरलेला नाही.

"मिसेस पेटिफर," तो म्हणाला, "मी वाचलं. 'मेरी, तुझ्या चरणी गुडघे टेकतो. मेरी, तुझ्या कृपेविना मला तारण नाही.' हे काय आहे ते मला कळतं. ही राज्यात बंदी असलेल्या पोपच्या पंथाची छुपी प्रार्थना आहे. तुमच्या घरात कुमारी मेरीची पूजा चालते."

"अहो, पुढच्याच ओळीत तो तिच्या मोज्याचा बंद मागतो!" अँब्रोज कळवळून म्हणाला. "प्रार्थनेत कुणी मोज्याचा बंद मागतं का?"

"रोममध्ये काय काय मागतात हे तुला माहीत नाही," हेझेकाया म्हणाला, आणि दाखल्यावर सही न करता तो खिशात घालून निघून गेला.

त्यानंतर अर्सुला सल्ला द्यायला आली. तिच्याजवळ सल्ले पुष्कळ होते. अँब्रोजला आजारी पाडावं. नाही तर लंडनला धाडावं. नाही तर ट्रॅपच्या मेरीशी चटकन लग्न लावून टाकावं, म्हणजे पोपचं प्रकरण आपोआप मिटेल, कारण पोपचे पाद्री लग्न करत नाहीत. किंवा सरळ सांगावं की कविता त्यानं लिहिल्याच नाहीत, सगळ्या इकडून तिकडून उतरवल्यात.

"हे शेवटचं कधीच नाही," थॉमसिन म्हणाली.

"अगं पण तेच खरं आहे ना?"

"खरं आहे म्हणून काय झालं? सगळ्या बाजारात सांगून आलेय मी. उद्या हेच लोक म्हणतील, पेटिफरबाई माल्टसुद्धा दुसऱ्याकडून आणून विकते."

आणि तिनं चुलीवरच्या फळीवरची वहीची रिकामी जागा पुसून घेतली. शाळा गेली तर गेली, दुसरं काही बघता येईल. पण पेटिफर या नावाला आजवर कुणी हसलं नव्हतं. लोक त्याला घाबरत, त्याच्याशी भांडत, पण हसत नसत. ते तिनं नवऱ्यामागं पोत्यापोत्यानं उभं केलेलं होतं.

मग हवेलीतला नोकर आला. सर बॉल्डविननी दोघांना बोलावलं आहे, ताबडतोब.

हवेलीच्या दालनात ट्रॅप मुलीला घेऊन आधीच उभा होता. त्याच्या वासापासून अंतर राखून हेझेकाया उभा होता. सर बॉल्डविन टेबलामागे लाल चेहऱ्यानं बसले होते, पुढं ती लाल वही. बाईसाहेब खिडकीशी भरतकाम करत होत्या, किंवा करत असल्यासारखं दाखवत होत्या. सुई मघापासून एकाच जागी होती.

"मला लग्न हवं," ट्रॅप म्हणाला.

"मला शिक्षा हवी," हेझेकाया म्हणाला. "ही पोपपंथी प्रार्थना आहे."

"प्रार्थना कसली? माझ्या मुलीच्या ओठांबद्दल आहे ती!"

"तुमच्या मुलीच्या चरणी कुणी तारण मागतं का?"

"का नाही मागणार? काय वाईट आहे माझ्या मुलीच्या चरणांत?"

"गप्प बसा!" सर बॉल्डविन ओरडले. त्यांनी अँब्रोजकडे बोट रोखलं. "तू. माझ्या बायकोचं नाव काय, ठाऊक आहे?"

अँब्रोजनं आईकडे पाहिलं. थॉमसिननं हेझेकायाकडे. हेझेकायानं छताकडे. गावात सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांना त्यापलीकडे नाव असेल, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"मेरी!" सर बॉल्डविन गरजले. "मेरी आहे तिचं नाव! आणि हा माल्टवाल्याचा पोरगा माझ्याच घरात वही पाठवतो, की ती समुद्रातून अशी वर येते, आणि कुत्री घेऊन तशी पळते, आणि हा म्हणे तिचा चमचा होतो! माझ्या टेबलावरचा चमचा!"

ट्रॅपची मेरी, "म्हणजे मी सुटले," असं हळूच म्हणाली.

अँब्रोज पांढरा पडला होता. एक क्षण थॉमसिनला तो लहान असताना शिडीवर चढून वर अडकला होता तेव्हाचा दिसला. ती पुढं झाली.

"नाव मी घातलं," ती म्हणाली. "मुलाचा दोष नाही. वहीत चार-पाच बायका होत्या, सर. मला ते पटलं नाही. आमच्या घराण्यात एका पुरुषाला एकच बाई असते. म्हणून मी सगळ्यांना एक केलं. मेरी घेतलं, कारण ते सगळ्यांचं आहे. आता ते बाईसाहेबांचंही निघालं, तर त्याला मी काय करू? बाईसाहेबांनी कधी सांगितलं नाही."

खिडकीकडून एक आवाज आला. बाईसाहेब तोंडावर भरतकाम दाबून हसत होत्या. त्या उठल्या, कपाटातून एक जाड, जुनी, कोपरे झिजलेली वही काढली आणि नवऱ्यापुढं टाकली.

"बॉल्डविन, हा चमचा माझ्याकडे कधीपासून आहे. आमच्याकडे तो ल्युसिंडाचा आहे. या पानावर क्लोरिस शिकारीला जाते. हे सगळं माझ्या भावानं लंडनहून आणलेलं, मी स्वतः उतरवलेलं. तेव्हा हा मुलगा जन्मलाही नसेल."

ट्रॅप थॉमसिनकडे पाहत होता. हेझेकाया तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या गालावर काही तरी हलत होतं, जे दुसऱ्या माणसाच्या बाबतीत हसू म्हणता आलं असतं. एकूण एक, असं ती बाईसाहेबांना म्हणाली होती. याच दालनात, चांगल्या टोपीत.

"म्हणजे यातलं तुझं काहीच नाही?" सर बॉल्डविननी अँब्रोजला विचारलं. त्यांचा चेहरा हळूहळू माणसाच्या रंगावर येत होता.

"एक आहे, सर," अँब्रोज पुटपुटला. "गावात ती कुणी उतरवूनसुद्धा घेतली नाही."

"हीच ना?" बाईसाहेबांनी लाल वही उघडली. "ही एकच माझ्याकडे नाही. यात मेरीही नाही."

"बाईसाहेब, नका वाचू. आई इथं आहे."

हे ऐकल्यावर कुठली बाई थांबेल? त्यांनी खणखणीत आवाजात वाचली:

खंदक पोहून जाईन, सखे, भिंतीवरून चढेन मी,
बापाच्या त्या तलवारीशी एकटा झुंज लढेन मी;
कुत्रे भुंको, गारा पडो, वादळासही भिडेन मी,
पण आई जागी माझ्या घरी, कोणत्या तोंडे शिरेन मी?

विचारेल ती, 'कुठे होतास? बूट कशाने मळलेले?
प्रेमाने का पोते भरते? धान्य का त्याने दळलेले?'
ऐकून मदन धनुष्य टाकी, पंख तयाचे गळलेले,
म्हणे, 'बाई, जिभेपुढे या बाणच माझे वळलेले!'

सर बॉल्डविन आधी हसले, आणि मग त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. ट्रॅप मांडीवर थाप मारून म्हणाला, "अगदी हीच! अगदी अशीच विचारते ती!" ट्रॅपची मेरी अँब्रोजकडे जरा नीट पाहू लागली. हेझेकाया स्टबनं खोकल्यासारखं केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि त्याचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले.

अँब्रोज डोळे मिटून उभा होता. आई आता काय करणार याची त्याला, त्याच्या कवितेतल्यासारखीच, पुरती कल्पना होती.

"पुन्हा वाचा," थॉमसिन म्हणाली.

बाईसाहेबांनी पुन्हा वाचली. थॉमसिननं या वेळी डोकं जरा वाकडं करून, माल्टचा दाणा दाताखाली फोडून बघावा तसं ऐकलं.

"ही मी माझ्या वहीत घेणार आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्या हातानं. आणि बॉल्डविन, अशी आई घरात असताना जो हे लिहायला धजला, तो वर्गभर पोरांपुढं सहज उभा राहील. शाळा त्याला द्या. स्टब, तो दाखला तुमच्या खिशात दिसतोय मला. पेन इथं आहे."

हेझेकायानं सही केली. सही करताना अक्षर थोडं हललं.

थॉमसिन तशीच टेबलाजवळ उभी होती. "बाईसाहेब," ती म्हणाली, "उतरवून घेताना त्यात नुसतं 'आई' ठेवू नका. उद्या वही पुढं जाईल, आणि जो तो आपापली आई समजेल. नाव घाला. थॉमसिन पेटिफर. पूर्ण. ते कुणी बदलू नये म्हणून खाली रेघ ओढा."

बाईसाहेबांनी रेघ ओढली. थॉमसिननं ओल्या शाईवर वाकून ती रेघ पाहिली. नाव तिला वाचता आलं नाही, पण किती लांब आहे ते दिसलं, आणि ती लांबी तिला पुरेशी वाटली. मग ती कंबरेवर हात ठेवून मुलाकडे वळली.

"अँब्रोज," ती म्हणाली, "डोळे उघड. गावानं डोक्यावर घेतलं ते सगळं दुसऱ्यांचं निघालं, आणि तुझं जे होतं त्याला कुणी हात लावला नाही. ठीक आहे. त्या क्लोरिसला तू पाहिलं नव्हतंस, तिच्यावर लिहून काय होणार होतं? मला पाहिलंस, तर बघ कसं उतरलं. शब्द तुझे बापासारखे ढिलेच आहेत, आणि गारा पडल्या की तू खिडकी लावून घेतोस, त्यामुळे त्या ओळीत तू धडधडीत खोटं बोललास. पण नजर? नजर माझी आहे. तिच्यावर तुझं पोट भरेल. आता त्या ट्रॅपच्या मेरीची मान दुखेपर्यंत तिला इकडं बघायला लावू नकोस, आणि चल घरी."